फेजच्या कवचातला दाब: आकडा कुठून येतो आणि मोजताना कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅम्डा फेजच्या (फेज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू) डोक्यात, म्हणजे प्रथिनांच्या कवचात, डीएनए किती दाबाखाली असतो याचे आकडे कुठे २०, कुठे २५ आणि फाय-२९ या दुसऱ्या फेजसाठी तर ६० ॲटमॉस्फिअर असे सापडतात, यातला खरा कोणता? बाहेरच्या द्रावणात पीईजी ८००० हा लांब साखळीचा पॉलिमर घालून मोजलं तर ३० टक्क्यांनाही डीएनए बाहेर पडायचा थांबत नाही, असं का? आणि एवढा दाब असूनही कवच फुटत कसं नाही?

सुरुवात तिथून करू जिथे बहुतेकांचा पहिला गोंधळ होतो. कुकरमधला दाब वाफेचा असतो. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती भिंतीवर आदळत राहते. फेजच्या कवचाला मात्र बारीक भोकं असतात. पाणी, सोडियम, मॅग्नेशियम, अगदी ग्लिसरॉलसारखे छोटे रेणूही त्यातून ये-जा करतात. आत कोंडून राहतो तो फक्त डीएनए. त्यामुळे हा दाब डीएनएच्या दोन गोष्टींतून येतो: त्याचे वेढे एकमेकांना ढकलतात आणि तो वाकायला नाखूश असतो. ढकलण्याचा जोर भोवतीच्या क्षारांवर अवलंबून असतो. म्हणून बफर, म्हणजे भोवतीचं क्षारांचं द्रावण, न सांगता दिलेला दाबाचा आकडा अर्धवट आहे.

आता लॅम्डाचा हिशेब मांडून पाहू, कारण एकदा स्वतः केला की बाकीचं आपोआप उलगडतं. जिनोम ४८,५०२ बेस-जोड्यांचा. दर जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरले तर लांबी सुमारे १६.५ मायक्रोमीटर. कवचाची आतली त्रिज्या २९ नॅनोमीटर धरू. हे सगळं दहा लाख पटींनी मोठं केलं तर २ मिलिमीटर जाडीची साडेसोळा मीटर वायर ५.८ सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही लहान, पोकळीत भरायची आहे. मी सुतळी न म्हणता वायर म्हणतो, कारण डीएनएची चिवट लांबी ५० नॅनोमीटर आहे. म्हणजे आपल्या मोजपट्टीत ही वायर साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत सरळच राहू पाहते, आणि तिला तेवढ्याच रुंद डबीत वेढे घेऊन बसवायचं आहे.

पोकळीचं घनफळ सुमारे १,०२,००० घन नॅनोमीटर येतं. २ नॅनोमीटर जाडीच्या डीएनएचं स्वतःचं घनफळ सुमारे ५२,०००. निम्मी जागा डीएनएची, निम्मी पाण्याची. वेढे षट्कोनी रचनेत शेजारी-शेजारी बसले आहेत असं धरलं तर दोन वेढ्यांच्या मध्यांतलं अंतर २.७ नॅनोमीटरच्या आसपास निघतं. दोन पृष्ठभागांच्या मध्ये उरतो जेमतेम ०.७ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याचे दोन-तीन थर. शिवाय प्रत्येक बेस-जोडीवर दोन ऋण प्रभार, म्हणजे एकूण ९७,०००. पोकळीच्या घनफळाने भागले तर हे प्रमाण दीड मोलरच्या वर जातं. ते निष्प्रभ करण्यासाठी तितकेच धन प्रभार आत गर्दी करून असतात. दाबाचा मोठा भाग या गर्दीतून आणि वेढ्यांमधून पाणी पिळून काढायला लागणाऱ्या कष्टातून येतो.

डीएनएच्या समांतर धाग्यांची ही ढकलाढकली १९८४ साली राऊ, ली आणि पार्सेजियन यांनी कवच नसलेल्या डीएनएवर परासरण दाब (पाणी ओढून घेणाऱ्या द्रावणाचा दाब) देऊन मोजली. मॅग्नेशियम असताना अंतर सुमारे ०.३ नॅनोमीटरने घटलं की दाब जवळपास पावणेतीन पट होतो. ही घातांकी वाढ लक्षात ठेवली की लॅम्डाचं बरंच वागणं कळतं. १० मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या बफरसाठी हे गणित २.७ नॅनोमीटर अंतरावर सुमारे २.५ मेगापास्कल, म्हणजे २५ ॲटमॉस्फिअर देतं, आणि प्रयोगातले आकडेही त्याच टापूत आहेत. वाकवण्याची ऊर्जा यापेक्षा बरीच कमी भरते. मात्र आतल्या वेढ्यांची त्रिज्या अगदी लहान होते तिथे तिचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

३७.७ हजार बेस-जोड्यांचा, म्हणजे २२ टक्के तोडलेला लॅम्डा त्याच कवचात भरला की अंतर ३ नॅनोमीटरवर जातं आणि ढकलण्याचा वाटा एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. कवच तेच, प्रथिनं तीच, फक्त डीएनए थोडा आखूड.

याचा प्रयोगशाळेतला पुरावा दाबाचं माप निघण्याच्या खूप आधीपासून माहीत होता. लॅम्डाच्या साठवणुकीच्या एसएम बफरमध्ये ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट असतं ते उगाच नाही. ईडीटीए घालून मॅग्नेशियम काढून घेतलं की ढकलाढकली वाढते आणि पूर्ण जिनोमचे फेज निकामी होऊ लागतात, पण जिनोमचा तुकडा गमावलेले वाण टिकून राहतात. जनुकशास्त्रज्ञ अशा तुटलेल्या जिनोमचे फेज वेचायला हीच युक्ती वापरत आले. क्लोनिंगमध्ये लॅम्डाच्या डोक्यात जिनोमच्या साधारण ७८ ते १०५ टक्के एवढाच डीएनए चालतो हा नियमही याच्याशी जोडलेला आहे. वरची मर्यादा बरीचशी यांत्रिक आहे, तिच्यापुढे डोकं टिकत नाही. तुमचा फेज-साठा काही आठवड्यांत मरत असेल तर आधी बफरमधलं मॅग्नेशियम तपासा.

आता ३० टक्क्यांचा प्रश्न. या प्रयोगाचं तत्त्व साधं आहे. फेजला त्याचा ग्राही, म्हणजे ई. कोलायच्या बाह्य पटलातलं लॅम-बी प्रथिन, परीक्षानळीतच दिला की शेपटीचं तोंड उघडतं आणि डीएनए बाहेर येतो. बाहेरच्या द्रावणात पीईजी ८००० असेल तर तो कवचाच्या भोकांतून आत शिरू शकत नाही, त्यामुळे बाहेर परासरण दाब तयार होतो. बाहेर पडणाऱ्या डीएनएला त्या दाबाविरुद्ध जागा करावी लागते. आतला जोर आणि बाहेरचा विरोध जिथे जुळतात तिथे डीएनए अडतो. बाहेर आलेला भाग डीएनेझ हे डीएनए तोडणारं विकर चावून टाकतं, आत राहिलेला भाग कवचाच्या आडोशाने वाचतो. २००३ साली एव्हिलेविच, गेलबार्ट आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने लॅम्डाचा डीएनए पूर्ण अडवायला सुमारे २० ॲटमॉस्फिअर लागतात हे दाखवलं.

तुमची चूक जवळपास नक्कीच पीईजीच्या टक्केवारीत आहे. ३० टक्के वजनी म्हणजे ३० ग्रॅम पीईजी आणि ७० ग्रॅम बफर. १०० मिलिलिटर बफरमध्ये ३० ग्रॅम टाकलं तर ते २३ टक्के झालं. ३७ अंशांना पीईजी ८००० चा परासरण दाब मिशेल यांच्या १९८३ च्या सूत्राने काढा: १० टक्के वजनीला सुमारे १.६, २० टक्क्यांना ६.७, ३० टक्क्यांना साडेअठरा आणि ३५ टक्क्यांना २८ ॲटमॉस्फिअरच्या वर. तुमच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमला मात्र फक्त साडेनऊच्या आसपास. दाब निम्म्यावर आला, मग डीएनए बाहेर पडणारच. दाब संहतीच्या वर्गाच्या जवळपास वाढतो, म्हणून वरच्या टोकाला टक्केवारीतली छोटी चूकही मोठी होते. ३० टक्के 'वजन/घनफळ' आणि ३० टक्के वजनी यांतच दोनेक ॲटमॉस्फिअरचा फरक आहे. तापमानाचाही परिणाम होतो: हेच ३० टक्के २५ अंशांना सुमारे २१ ॲटमॉस्फिअर देतात. म्हणून सूत्रात प्रयोगाचं तापमान घाला, खोलीचं नको. फेज, लॅम-बी आणि डीएनेझ यांचे आकारमान मिसळल्यावर पीईजी किती पातळ होतो हेही हिशेबात धरा. त्यासाठी पीईजीचा साठा ४० टक्क्यांच्या आसपास घट्ट करून ठेवा आणि प्रत्येक नळी आकारमानावर नाही, वजनावर भरा. घट्ट पीईजी पिपेटने मोजला की टोकाला चिकटून राहतो आणि चूक नेहमी एकाच बाजूला, कमी भरण्याकडे, जाते.

बाकीचा क्रम असा ठेवा. ५० मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, सामू ७.४ हा बफर. सीझियम क्लोराइडच्या उतारावर, १.५ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेच्या पट्ट्यातून शुद्ध केलेला फेज घ्या, आणि तो त्याच बफरमध्ये डायलिसिस करून सीझियमपासून मोकळा करा. उरलेलं सीझियम स्वतःच दाब बदलतं. फेज पुरेसा दाट हवा. एका लॅम्डात सुमारे ५.२ × १०⁻¹⁷ ग्रॅम डीएनए असतो, म्हणजे मिलिलिटरला १०¹² कण असतील तर सुमारे ५२ मायक्रोग्रॅम, आणि २६० नॅनोमीटरला शोषण साधारण १. याच्या दहाव्या भागात मोजायला गेलात तर पीईजीच्या पार्श्वभूमीत संकेत बुडतो.

नळीत आधी पीईजी आणि फेज, मग डीएनेझ-१, सर्वांत शेवटी लॅम-बी. उलट केलंत तर पीईजी नीट मिसळायच्या आत काही फेज रिकामे झालेले असतात, आणि पीईजी वाढेल तसा बाहेर आलेला डीएनए दाखवणाऱ्या वक्राला खाली न उतरणारं शेपूट राहतं. लॅम-बी पटलातलं प्रथिन आहे, ते ऑक्टिल-पीओईसारख्या डिटर्जंटमध्येच विरघळलेलं राहतं. नळीत मिसळताना डिटर्जंट फार पातळ झाला की लॅम-बी गठ्ठे होऊन बसतं आणि फेज उघडतच नाही. तेव्हा वाटतं की दाबाने डीएनए अडला, पण खरं तर ग्राहीच मेलेला असतो. शिगेला या जिवाणूचं लॅम-बी ई. कोलाय के-१२ वाणाच्या लॅम-बीपेक्षा जास्त खात्रीने फेज उघडतं, मिळालं तर तेच घ्या. ३७ अंशांना एक तास ठेवा, मग कवचं सेंट्रिफ्यूजने खाली बसवा आणि वरच्या द्रावातले चावलेले न्यूक्लिओटाइड २६० नॅनोमीटरला मोजा. शून्य पीईजीच्या नळीला १०० टक्के धरा.

तीन नियंत्रण-नळ्या नसतील तर मोजमाप वाया गेलं असं समजा. पहिली: सुटा लॅम्डा डीएनए सर्वांत घट्ट पीईजीमध्ये, डीएनेझसह. तो पूर्ण चावला गेला पाहिजे. घट्ट द्रावणात डीएनेझ मंदावतं, आणि मंदावलेलं डीएनेझ हुबेहूब अडलेल्या डीएनएसारखं दिसतं. दुसरी: लॅम-बी नसलेली नळी, म्हणजे फेज आपोआप किती फुटले ते कळतं. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. अडवलेल्या नळीत तास संपल्यावर बफर ओतून पीईजी पातळ करा. डीएनए लगेच बाहेर आला पाहिजे. आला तर अडवणारा दाबच होता. आला नाही तर फेज किंवा ग्राही निकामी झालेला आहे.

डीएनेझ पहिल्यापासून नळीत असण्याचं आणखी एक कारण आहे. पीईजी आणि मॅग्नेशियम मिळून सुट्या डीएनएला घट्ट गोळा करतात. बाहेर आलेलं टोक असं गोळा होऊ लागलं की ते आतल्या डीएनएला ओढू लागतं, म्हणजे जो पीईजी अडवायला घातला तोच मदत करू लागतो. टोक निघताक्षणी चावलं गेलं तर ही ओढ तयारच होत नाही.

फाय-२९ चे ६० ॲटमॉस्फिअर दुसऱ्या वाटेने आले आहेत. २००१ मध्ये स्मिथ, बुस्टामान्टे आणि सहकाऱ्यांनी प्रकाशीय चिमट्यांनी डीएनएचं टोक धरून ठेवलं आणि फाय-२९ ची मोटर तो आत ओढत असताना तिचा जोर मोजला. सुरुवातीला वेग सेकंदाला सुमारे १०० बेस-जोड्या, मोटर सरासरी ५७ पिकोन्यूटनपर्यंतच्या ओढीविरुद्ध चालत राहते, आणि डोकं भरत आलं की वेग पडतो. या बलावरून सुमारे ६ मेगापास्कलचा अंदाज काढला गेला. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मोटर किती जोर लावू शकते आणि डीएनए किती जोराने परत ढकलतो हे एकच नाही. शिवाय बलाला क्षेत्रफळाने भागून दाब काढताना क्षेत्रफळ कोणतं धरायचं, हाही प्रश्न येतो. उघड्या डीएनएचा छेद ३.१ चौरस नॅनोमीटर आहे, पण त्याच्या वाट्याचं पाणी धरलं तर तो ६ च्या वर जातो. एकाच बलावरून दुप्पट फरकाचे दोन दाब निघतात. पीईजीचा प्रयोग समतोल मोजतो, मोटरचा प्रयोग चालू काम मोजतो. आत भरला जाणारा डीएनए लगेच नीट वेढ्यांत बसत नाही. फाय-२९ मध्ये तो स्थिरावायला १० मिनिटांहून जास्त लागू शकतात हे २०१४ मध्ये दिसलं, तर पूर्ण भरणं पाच-सहा मिनिटांत होऊन जातं. अर्धवट गुंतलेला डीएनए जास्त विरोध करतो. त्यामुळे २५ आणि ६० यांतला एक खोटा ठरवायची गरज नाही. फेज वेगळा, बफर वेगळा, आणि मोजलेली राशीही वेगळी.

कवच का फुटत नाही? पातळ गोल भिंतीत ताण असतो दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन. २.५ मेगापास्कल आणि ३० नॅनोमीटरला भिंतीच्या प्रत्येक नॅनोमीटर रुंदीवर सुमारे ३७ पिकोन्यूटन. लॅम्डाच्या कवचाची मांडणी 'टी = ७' प्रकारची आहे (टी-७ नावाच्या फेजशी याचा संबंध नाही), म्हणजे पूर्ण गोलात ४२० जागा. त्यांतल्या ५ जागी डीएनए आत घेणारं दार बसतं, म्हणून मुख्य प्रथिनाचे रेणू ४१५. एका षट्ककाची (सहा रेणूंच्या गटाची) कड ८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तिच्यावर ३०० पिकोन्यूटनचा भार. एखादाच सुटा बंध याला पुरा पडणार नाही, पण हा भार कडेवरच्या कितीतरी दुव्यांत वाटला जातो. भिंत २ नॅनोमीटर धरली तर ताण सुमारे १९ मेगापास्कल भरतो, आणि चांगलं प्लास्टिक याहून जास्त पेलतं. लॅम्डाने वर आणखी एक सोय केली आहे. सुमारे ३० टक्के डीएनए आत गेला की कवच फुगून मोठं आणि पातळ होतं, आणि तेव्हा उघडलेल्या जागांवर जीपी-डी प्रथिनाच्या तिकड्या बाहेरून रिव्हेटसारख्या बसतात. जीपी-डी नसेल तर आखूड जिनोम कसाबसा टिकतो, पूर्ण जिनोम टिकत नाही.

भिंतीचा ताठपणा एएफएमच्या (अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या) टोकाने कवच दाबून मोजतात. २००४ मध्ये रिकाम्या फाय-२९ चा यंग गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचं माप) सुमारे १.८ गिगापास्कल निघाला, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पंक्तीत. चवळीच्या सीसीएमव्ही विषाणूचं कवच त्यामानाने फार मऊ, ०.१४ गिगापास्कलच्या आसपास. दाबल्यावरची स्प्रिंग-ताकद साधारण गुणांक गुणिले जाडीचा वर्ग भागिले त्रिज्या अशी जाते. जाडी वर्गात असल्याने तिच्या अंदाजात जितके टक्के चूक, त्याच्या साधारण दुप्पट टक्के चूक गुणांकात येते, म्हणून प्रकाशित गुणांकांपेक्षा मोजलेली स्प्रिंग-ताकद जास्त भरवशाची. पूर्ण भरलेला लॅम्डा रिकाम्याच्या सुमारे दुप्पट बल सोसतो, पण २२ टक्के आखूड जिनोमचा लॅम्डा जवळपास रिकाम्यासारखाच वागतो. वर आलेली घातांकी वाढ इथे पुन्हा दिसते. मोजताना टोक जिच्यावर बसतं ती ०.०५ न्यूटन प्रति मीटरच्या आसपासची मऊ पट्टी वापरा आणि तिचं कॅलिब्रेशन द्रवातच करा. दाबण्याआधी कणाची उंची पाहा. पृष्ठभागाला घट्ट चिकटून ती अपेक्षेपेक्षा दहा टक्क्यांनी कमी झाली असेल तर तो कण सोडून द्या, कारण तो आधीच वाकलेला आहे.

हे सगळं सरसकट सर्व विषाणूंना लावू नका. सीसीएमव्ही किंवा तंबाखूच्या मोझेक विषाणूत आरएनएला आत कोंबणारी मोटरच नाही. मोझेकमध्ये २,१३० प्रथिनं आरएनएभोवती जिन्यासारखी रचली जातात, प्रत्येक जण तीन न्यूक्लिओटाइड धरून. तिथे ऋण आरएनए आणि धन प्रथिन यांची ओढच घर बांधते, आणि हे घर दाबाखाली नसतं. हर्पिसच्या एचएसव्ही-१ मध्ये मात्र दाब आहे, २०१३ मध्ये तो १८ ॲटमॉस्फिअरच्या आसपास मोजला गेला, आणि तो पेशीकेंद्राच्या छिद्राशी डीएनए सोडायला कामी येतो.

दाबाने सगळा जिनोम आत ढकलला जातो असंही समजू नका. डीएनए जसा बाहेर जातो तसा आतला दाब झपाट्याने उतरतो, आणि जिवाणूच्या आतही काही ॲटमॉस्फिअरचा परासरण दाब असतोच. नळीत लॅम्डा काही सेकंदांत रिकामा होतो, जिवंत पेशीत त्याला मिनिटं लागतात. शेवटचा भाग पेशीतली प्रथिनं आणि इतर बलं ओढून घेतात. टी-७ फेजमध्ये तर पहिल्या ८५० बेस-जोड्या गेल्यावर उरलेला सगळा जिनोम आरएनए पॉलिमरेज वाचता-वाचता ओढून घेतं.

तुमच्या पुढच्या फेरीत एक वक्र १० मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये आणि दुसरा त्याच बफरमध्ये १ मिलिमोलर स्पर्मिन (वेढ्यांची ढकलाढकली कमी करणारा, अनेक धन प्रभारांचा रेणू) घालून काढा. स्पर्मिनचा वक्र डावीकडे, कमी पीईजीकडे सरकायला हवा. तसा सरकला आणि पातळ केलेली नळी रिकामी झाली, तर मॅग्नेशियमच्या वक्रातून निघालेला आकडा बफरच्या नावासकट वहीत लिहा.